हॅरिएटचा माग: गुलामगिरीतल्या अमेरिकन स्त्रीचं आयुष्य कागदपत्रांतून कसं शोधायचं

अमेरिकेतल्या गुलामगिरीवर मराठीत लिहिणारे बहुतेक जण लिंकन, यादवी युद्ध आणि फार तर स्वतः पळून इतर गुलामांना सोडवणारी हॅरिएट टबमन एवढ्यावर थांबतात. गुलामगिरीत जगलेल्या एखाद्या साध्या बाईबद्दल विचारलं की "कागदच नाहीत हो" म्हणून विषय मिटवला जातो. कागद आहेत, ढिगाने आहेत आणि त्यातले बरेच घरबसल्या फुकट पाहता येतात. अडचण दुसरीच आहे. यातला जवळजवळ प्रत्येक कागद तिच्याबद्दल असतो, पण तिच्या हातचा नसतो. मालकाने, त्याच्या वकिलाने, जनगणनेच्या कारकुनाने, मेलेल्या माणसाची मालमत्ता मोजायला आलेल्या शेजाऱ्याने आपापल्या सोयीसाठी तो लिहिलेला असतो. म्हणून कागद शोधण्याइतकंच तो कोणी आणि कशासाठी लिहिला हे ओळखणं महत्त्वाचं. प्रबंध, लेख किंवा अनुवाद करणाऱ्यांना आणि अमेरिकेत राहून स्थानिक इतिहासात रस घेणाऱ्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल असा हा रस्ता पायरीपायरीने मांडतो.

उदाहरणासाठी शक्यतो एकच बाई धरतो: हॅरिएट जेकब्ज. जन्म १८१३, गाव नॉर्थ कॅरोलायनातलं ईडन्टन. तिच्याबद्दल मालकांचे कागद आहेत, तिने स्वतः लिहिलेलं पुस्तक आहे आणि तिची पत्रंही आहेत. असा योग फार क्वचित येतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ‘सदाचारी लोकांना’ अर्पण केली, त्याच दशकात ही बाई मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला बोर्डिंग हाउस चालवत होती.

पायरी १: एक बाई, एक काउंटी

"गुलाम स्त्रियांचं जीवन" असा विषय घेऊन शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही. एक नाव घ्या. नाव नसेल तर एक काउंटी घ्या. जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रं, कोर्टाची कामं हे सगळं दक्षिणेत, म्हणजे गुलामगिरी होती त्या राज्यांत, काउंटीनुसार जपलेलं असतं. आपल्याकडे तालुका माहीत नसेल तर सातबारा सापडत नाही, तसंच. ईडन्टन हे चोवान काउंटीत येतं. हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. काउंट्यांच्या हद्दी वेळोवेळी बदलल्या आहेत, तेव्हा त्या सालचा नकाशा बघा, आजचा नको.

वहीत पहिल्याच पानावर पाच गोष्टी लिहा: नाव आणि त्याची सगळी संभाव्य स्पेलिंग, अंदाजे जन्मसाल, काउंटी, माहीत असलेले मालक आणि तिच्या आईचं नाव. आईचं नाव वगळू नका. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल आणि बाकीच्या वसाहतींनीही हीच रीत उचलली. बाप गोरा असो, खुद्द मालक असो, आई गुलाम असेल तर मूल आईच्या मालकाचं. त्यामुळे कागदांची साखळी आईकडूनच जाते. हॅरिएटच्या दोन मुलांचा बाप सॅम्युअल ट्रेडवेल सॉयर हा गोरा वकील होता, पुढे तो अमेरिकन काँग्रेसवर निवडूनही गेला. मुलं मात्र कायद्याने हॅरिएटच्या मालकांची.

पायरी २: गुलामगिरी संपली तिथून मागे चला

नवखा माणूस १८०० पासून पुढे यायला बघतो आणि फसतो. १८७० पासून मागे जा. १८७० ची जनगणना ही पहिली अशी, जिच्यात पूर्वी गुलाम असलेल्या सगळ्यांची नावानिशी नोंद झाली. वय, रंग, व्यवसाय, जन्माचं राज्य, लिहिता-वाचता येतं की नाही, हे त्यात मिळतं. कुटुंबप्रमुखाशी नातं मात्र मिळत नाही; तो रकाना १८८० ला आला. तेव्हा एका घरात राहणारी चाळीस वर्षांची बाई आणि पाच वर्षांचं पोर ही आई-लेकरंच असतील असं गृहीत धरू नका. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळेच गेले, त्यामुळे तिथे वीस वर्षांची पोकळी येते.

याच काळातली आणखी दोन दप्तरं उघडा. पहिलं फ्रीडमेन्स ब्युरोचं. मुक्त झालेल्या गुलामांसाठी मार्च १८६५ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी खात्याकडे मजुरीचे करार, रेशनच्या याद्या, लग्नाच्या नोंदी, मारहाणीच्या तक्रारी असं सगळं साचलं. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर खातं उघडलं की ते नावाने शोधता येतं. दुसरं फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेचं. १८६५ ते १८७४ एवढंच तिचं आयुष्य, पुढे ती बुडाली आणि हजारो गरिबांचे पैसे घेऊन बुडाली. पण खातं उघडताना कारकून आईबापांची, भावंडांची, मुलांची नावं विचारत असे आणि सुरुवातीच्या अर्जांत तर जुन्या मालकाचं आणि मळ्याचंही नाव. संशोधकाला याहून मोठं घबाड सहसा मिळत नाही.

जुन्या मालकाचं आडनाव हेच तिचं आडनाव असेल, असं मात्र धरून चालू नका. काहींनी आधीच्या मालकाचं घेतलं, काहींनी बापाचं, काहींनी स्वतः निवडलं.

पायरी ३: मालकाच्या दप्तरात शिरा

१८७० च्या अलीकडे तिचं नाव असतं. पलीकडे गेलं की मालकाचं नाव हीच किल्ली. १८५० आणि १८६० मध्ये ‘स्लेव्ह शेड्यूल’ नावाच्या वेगळ्या याद्या झाल्या. मालकाचं नाव आणि त्याखाली ओळीने वय, लिंग, रंग. नावं जवळपास कुठेच नाहीत. १८६० च्या जनगणनेत गुलामांची एकूण संख्या ३९,५३,७६० भरली. एवढी माणसं मोजली, पण नावाने हाक मारावी असं कुणाला वाटलं नाही. ‘स्त्री, ३५, काळी’ अशी ओळ सापडली म्हणजे तुमची बाई सापडली असं नव्हे. ही यादी फक्त पडताळ्यासाठी वापरा.

खरा ऐवज मृत्युपत्रात आणि मालक मेल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत असतो. हॅरिएटचंच बघा. तिची मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो १८२५ मध्ये वारली. तिने हॅरिएटला वाचायला आणि शिवायला शिकवलं होतं. आपल्याला ती मुक्त करून जाईल अशी हॅरिएटला आशा होती. मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत लिहिलं आहे की हॅरिएट ही माझी भाची मेरी मटिल्डा नॉरकॉम हिला द्यावी आणि पुढच्याच शब्दांत माझं कपाट, कामाचं टेबल आणि त्यातल्या वस्तूही तिलाच द्याव्यात. भाची तीन वर्षांची. म्हणजे व्यवहारात हॅरिएट गेली भाचीच्या बापाच्या, डॉक्टर जेम्स नॉरकॉमच्या हातात. आता कागदाच्या तळाशी जा: पुरवणीवर मालकिणीची सही नाही आणि साक्षीदारांत खुद्द डॉक्टर नॉरकॉम आहे. एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही. पण असा कागद नुसता मजकूर वाचून बाजूला ठेवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. सही, साक्षीदार, तारीख, समासातलं लेखन, मागची बाजू, हे सगळं पाहायचं. छापील उताऱ्यावर समाधान मानू नका, मूळ पानाची प्रतिमा उघडा.

शोधताना शब्दांचीही काळजी घ्या. ‘स्लेव्ह’ टाकून निम्मंही हाती येत नाही. मालक मंडळी ‘सर्व्हंट’, ‘गर्ल’, ‘वेन्च’, ‘हँड्स’, ‘फॅमिली’ असं लिहायची. मृत्युपत्रात ‘इन्क्रीज’ शब्द दिसला तर थांबा: तो तिच्या पुढे होणाऱ्या मुलांबद्दल आहे. पोटात नसलेलं मूलही आधीच वाटून टाकलेलं असायचं.

पायरी ४: फरारीच्या जाहिराती शत्रूच्या साक्षीसारख्या वाचा

मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत बोलका कागद हाच. बाई पळाली की मालकाला तिचं वर्णन करावंच लागायचं आणि ओळख पटावी म्हणून ते खरंही करावं लागायचं. एरवी तो तिच्याबद्दल जे कबूल करणार नाही, ते इथे पैसे मोजून छापतो.

हॅरिएट १८३५ च्या जूनमध्ये पळाली. नॉरकॉमने ३० जूनची तारीख घालून व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या ‘अमेरिकन बीकन’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, बक्षीस १०० डॉलर. त्यातला ऐवज असा: माझी नोकर मुलगी हॅरिएट, उजळ रंगाची, वय २१, उंची पाच फूट चार इंच, अंगाने भरलेली, केस दाट, काळे, कुरळे, पण विंचरून सरळ होणारे, बोलायला सफाईदार, वागण्यात छाप पाडणारी, उत्तम शिवणकाम येत असल्याने नटण्याची सवय, अंगावर बहुधा नव्या फॅशनचे कपडे असतील, माझ्या मुलाच्या मळ्यावरून कोणतंही कारण किंवा चिथावणी नसताना पळाली, उत्तरेकडे जाण्याचा तिचा बेत असावा.

आता ही जाहिरात चार वेळा वाचा, दर वेळी एक प्रश्न घेऊन.

पहिल्यांदा: ती काय करू शकत होती? शिवणकाम, सफाईदार बोलणं, लोकांवर छाप पाडणं. मालकाने स्वतः दिलेलं हे प्रशस्तिपत्र.

दुसऱ्यांदा: मालक कशाला घाबरतो? ती स्वतंत्र बाई म्हणून सहज खपून जाईल, याला. म्हणून कपड्यांवर एवढ्या ओळी खर्च झाल्या.

तिसऱ्यांदा: काय गाळलंय? ‘मुलगी’ म्हणतो ती दोन लेकरांची आई आहे. लेकरांचा उल्लेखच नाही. ‘माझी’ म्हणतो ती कागदोपत्री त्याच्या पोरीची.

चौथ्यांदा: खोटं काय? ‘कारण नसताना’. हॅरिएटच्या पुस्तकात या कारणाला पानंच्या पानं लागली आहेत. तिला पंधरावं वर्ष लागल्यापासून हा माणूस तिच्या मागे लागला होता.

हा ‘कारण नसताना’ पुन्हा पुन्हा भेटेल. १७९६ च्या मे महिन्यात ओना जज ही गुलाम बाई फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातून, निघून गेली. त्यांच्या कारभाऱ्याने दिलेल्या जाहिरातीतही हेच: पळण्याचा संशय नव्हता, चिथावणीही नव्हती. बक्षीस १० डॉलर. ओनाची बाजू कळायला १८४५ उजाडावं लागलं. न्यू हॅम्पशायरमध्ये म्हातारपणी तिने वार्ताहराला सांगितलं की व्हर्जिनियाला परत नेलं तर कधीच सुटका नाही हे तिला कळलं होतं आणि घरचे प्रवासाची बांधाबांध करत होते तेव्हा तीही आपली बांधाबांध करत होती. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याने ती गुलामच होती.

अशा जाहिराती ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’ या कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’त शोधा. जुन्या छपाईची अक्षरं संगणक चुकीची वाचतो, म्हणून पूर्ण नावाऐवजी गाव आणि मालकाचं आडनाव टाका. युद्धानंतरच्या जाहिराती वेगळ्या, त्या आईने हरवलेल्या लेकीसाठी किंवा बहिणीने भावासाठी दिलेल्या. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ‘लास्ट सीन’ प्रकल्पात त्या एकत्र आहेत. त्यात विकणाऱ्यांची, विकत घेणाऱ्यांची, नातलगांची नावं क्रमाने येतात. तिसऱ्या पायरीत अडलेला धागा इथे सुटू शकतो.

पायरी ५: तिचे स्वतःचे शब्द, पण कुणाच्या कानातून?

हॅरिएटने १८६१ मध्ये ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ ही आत्मकथा छापली. माणसांची नावं बदलली. नॉरकॉमचा ‘डॉक्टर फ्लिंट’ झाला. आजीच्या घरी छपराखालच्या पोकळीत ती जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. लांबी नऊ फूट, रुंदी सात, सर्वांत उंच जागी तीन फूट. हे इतकं अशक्य वाटलं की विसाव्या शतकात बराच काळ इतिहासकारांनी ही कादंबरीच मानली, लिहिणारी गोरी संपादिका लिडिया मारिया चाइल्ड असावी असंही म्हटलं. जीन फॅगन येलिन या संशोधिकेने १९८० च्या दशकात हा वाद मिटवला. कसा, ते आपल्यासाठी महत्त्वाचं. त्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात एमी पोस्ट या मैत्रिणीला हॅरिएटने लिहिलेली पत्रं वाचली, त्यातली भाषा आणि लेखनाचा प्रवास पुस्तकाशी ताडला आणि पुस्तकातल्या बदललेल्या नावांमागची खरी माणसं ईडन्टनच्या दप्तरांत शोधून काढली. वर सांगितलेल्या पायऱ्याच, फक्त वर्षानुवर्षं चिकाटीने. पुस्तकाचा पूर्ण मजकूर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’वर आहे.

लिहिता न येणाऱ्या बाईचे शब्द दुसऱ्याच्या हातून येतात. तिथे नियम एकच: दोन नोंदी मिळवा, शेजारी ठेवा, जुनी आधी वाचा.

गुलामगिरीतून सुटून पुढे वक्ती झालेल्या सोजर्नर ट्रूथचं भाषण घ्या. ओहायोतल्या ॲक्रनला, २९ मे १८५१. महिन्याच्या आत, २१ जूनला, मारियस रॉबिन्सनने ते छापलं. आज पोस्टरवर, टी-शर्टवर फिरतो तो "मी बाई नाही का?" हा प्रश्न त्यात नाहीच. तो येतो १८६३ मध्ये, फ्रान्सेस गेज यांनी बारा वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत. त्यात ट्रूथच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली आहे आणि तेरा मुलं झाल्याचं म्हटलं आहे. ट्रूथ न्यूयॉर्क राज्यात वाढली, तिची मातृभाषा डच, मुलं पाच. मराठीत हे वाक्य वापरायला हरकत नाही, पण ते गेज यांनी नोंदवलं आहे, असं लिहा.

त्याहून बोलकी जोडी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनची. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी लेखक प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या २,३०० हून जास्त मुलाखती घेतल्या. त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसवर आहेत. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे. चार्ल्सटनच्या एका म्हातारीची मुलाखत दोघांनी घेतली. जेसी बटलर या गोऱ्या बाई आल्या तेव्हा त्या मदतकार्याच्या ऑफिसातून आल्यात असा म्हातारीचा समज झाला. तिने मालक किती चांगला होता ते सांगितलं. ऑगस्टस लॅडसन हा काळा तरुण आला तेव्हा तिने चाबकाचे मार आणि लेकरं विकली जात असतानाचा आयांचा आकांत सांगितला. एका नोंदीत तिचं आडनाव हॅमलिन, दुसरीत हॅमिल्टन. पोटाचा प्रश्न ज्याच्या हातात आहे असं वाटतं, त्याच्यासमोर माणूस काय बोलतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या मुलाखतींतलं कोणतंही वाक्य उचलण्याआधी विचारणारा कोण होता, ते बघा. सहसा नाव पानाच्या वरच असतं.

पायरी ६: कोर्ट आणि पेन्शन

हे दोन्ही संग्रह वाचायला रटाळ, पण सोडू नका. १८२८ मध्ये ट्रूथने बेकायदा अलाबामात विकलेला आपला मुलगा पीटर कोर्टात जाऊन परत मिळवला. त्या खटल्याचे कागद न्यूयॉर्कच्या सरकारी दप्तरात २०२२ मध्ये सापडले. मिझुरीत १८५५ मध्ये सीलिया या मुलीवर मालकाच्या खुनाचा खटला चालला. मालकाने तिला चौदाव्या वर्षी विकत घेतलं आणि तेव्हापासून तो तिच्यावर बलात्कार करत होता. राज्याचा कायदा ‘कोणत्याही स्त्री’ला संरक्षण देत होता, न्यायाधीशाने तो तिला लागू होऊ दिला नाही. तिला साक्ष देण्याचा हक्कच नव्हता, त्यामुळे फाइलमध्ये तिचं म्हणणं आहे ते दुसऱ्यांच्या तोंडून. २१ डिसेंबर १८५५ ला तिला फाशी झाली.

यादवी युद्धात सुमारे १,७९,००० काळे सैनिक लढले. त्यांच्या विधवांच्या पेन्शन फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. गुलामांच्या लग्नाला कायदा मानत नव्हता, म्हणून लग्न सिद्ध करायला शेजारीपाजारी, सुईणी, एकत्र राबलेल्या बायका साक्ष द्यायला येत आणि साक्ष देता देता अख्खा मळा सांगून जात. खुद्द टबमनला १८९५ पासून महिना ८ डॉलर मिळाले ते नेल्सन डेव्हिसची विधवा म्हणून. तिने केलेला दावा होता परिचारिका, स्वयंपाकीण आणि हेरांच्या तुकडीची प्रमुख म्हणून. १८९९ ला रक्कम २० डॉलर झाली, तीही परिचारिकेच्या कामासाठी. यातल्या बऱ्याच फाइली अजून संगणकावर नाहीत. तिथे जाऊन किंवा प्रत मागवून बघाव्या लागतात.

पायरी ७: लिहिताना

सापडलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवा. ‘बहुधा’, ‘असावी’, ‘दिसतं’ हे शब्द लाजून गाळू नका. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा मोह इथे फार होतो, कारण सूत फार थोडं असतं.

शब्द जपून वापरा. सॅली हेमिंग्ज १७८७ मध्ये पॅरिसला गेली तेव्हा चौदा वर्षांची होती, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन चव्वेचाळीस वर्षांचा आणि तिचा मालक. मराठीत तिला कुणी ‘प्रेयसी’ करतो, कुणी ‘रखेल’. पहिल्या शब्दात तिची संमती गृहीत धरली आहे, दुसऱ्यात दोष तिच्या माथी येतो. ‘जेफरसनने गुलाम म्हणून ठेवलेली, त्याच्या मुलांची आई’ एवढं लांब लिहावं लागलं तरी लिहा. मालकाच्या कागदातली अपमानकारक विशेषणं अवतरणातच ठेवा, आपल्या वाक्यात उतरवू नका. आणि ‘पळाली’ एवढ्यावर थांबू नका. कुठे गेली, कुणी लपवलं, पुढे काय केलं, तेही शोधा. हॅरिएट १८४२ मध्ये जहाजाने उत्तरेला पोचली. दहा वर्षांनी, ती जिच्या घरी कामाला होती त्या कॉर्नेलिया विलिस यांनी नॉरकॉमच्या जावयाला ३०० डॉलर देऊन तिची सुटका विकत घेतली. आपण माल नाही, मग आपली किंमत कुणी का मोजावी, म्हणून हॅरिएटला तो सौदाच नको होता. युद्धाच्या काळात तिने लेक लुइसासोबत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढली.

प्रत्येक कागदाची प्रतिमा साठवताना फाइलच्या नावातच राज्य, काउंटी, साल, कागदाचा प्रकार आणि पान क्रमांक घाला. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, हे नाव राहतं. आणि ज्या दप्तरात काही सापडलं नाही, त्याचीही तारखेनिशी नोंद ठेवा; नाहीतर पुढच्या वर्षी तीच मृत्युपत्रं पुन्हा चाळत बसाल.